चौथा रकाना

४ मार्च, सोमवार

ही डायरी माझ्या लेकीला, चिमणीला, शाळेत निबंधाचं बक्षीस म्हणून मिळाली. तिला रोज लिहायचा कंटाळा, म्हणून मी सुट्टीहून परत निघालो तेव्हा तिने ती माझ्या बॅगेत कोंबली. दोन महिने तशीच पडून होती. फौजेतल्या स्टोअरकीपरच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडणार? ब्लँकेटं येतात, ब्लँकेटं जातात. आज मात्र घडलं, म्हणून पहिलं पान उघडलंय.

सकाळी अख्ख्या पलटणीला सभागृहात बसवलं. उभं नाही केलं, बसवलं. तिथेच सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग चष्मेवाल्या कॅप्टनसाहेबांनी प्रत्येकाच्या हातात एकेक अर्ज दिला. म्हणाले, पुढचं प्रशिक्षण कोणतं हवं, कोणत्या कामात पुढे जायचंय, हे यापुढे तुम्ही सांगायचं. खाली तीन रकाने: पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती.

मी तो कागद कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. नऊ वर्षं नोकरी झाली. आजवर मला एवढंच विचारलं गेलंय की पायाचं माप काय, आणि बूट तरीही एक नंबर मोठेच मिळाले. माणसाला काय हवंय ते कोणीतरी छापील कागदावर विचारतंय, हे बघून मी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. हे आजोबाला सांगितलं नाही, वर्षभर चिडवलं असतं त्याने.

आजोबा म्हणजे स्टोअरमधला माझा जोडीदार. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, म्हणून हे नाव. त्याने अर्ज उलटसुलट करून बघितला आणि मला बाजूला घेतलं. त्याने आयुष्यात तीनदा बदली मागितली, तिन्ही वेळा नेमकी विरुद्ध दिशेला झाली. त्याचं म्हणणं, मागितलं ते इथे कधी मिळत नाही, तेव्हा नको ते पहिल्या रकान्यात लिही आणि हवं ते तिसऱ्यात. दुपारपर्यंत हा सल्ला सगळ्या बराकींमध्ये पोचला होता.

मला हवंय मोटारवाहन प्रशिक्षण. ती शाळा आमच्या सासुरवाडीच्या गावात आहे, ही आणि चिमणी तिथेच राहतात. शिवाय ड्रायव्हरला निवृत्तीनंतरही काम मिळतं. म्हणून ते तिसऱ्यात लिहिलं. दुसऱ्यात मुदपाकखाना. पहिल्यात काय लिहावं सुचेना, तर आजोबा म्हणाला, पॅराशूट विभाग लिही, तिथे दिवसभर कापडाच्या घड्या घालतात. लिहून टाकलं.

६ मार्च, बुधवार

हिला फोनवर सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, एवढं चांगलं विचारलंय तर सरळ उत्तर का नाही दिलंत? मी म्हटलं, तुला फौज कळत नाही.

मग ती म्हणाली की नर्सिंग कॉलेजचं पत्र आलंय, ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं त्यांना पुन्हा घेणार आहेत, जूनच्या आत कळवायचंय. मी म्हटलं बघू. आमचं लग्न झालं तेव्हा तिचं पहिलं वर्ष झालं होतं. माझी बदली लागली, मी कॉलेज सोड म्हटलं, तिने सोडलं. हूं की चूं केलं नाही. समंजस आहे, यात वाद नाही.

त्या अर्जाचा विचार अजून डोक्यातून जात नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं.

२१ मार्च, गुरुवार

यादी लागली. प्रत्येकाला पहिली पसंती मिळाली आहे. प्रत्येकाला.

फलकासमोर जो तो आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत होता. आजोबा बँडपथकात गेला, त्याला साधी शिट्टी वाजवता येत नाही. भोपळा म्हणजे आमचा आचारी. स्टुलावर चढायचं तरी कोणाचा तरी हात धरतो. त्याने हमखास मिळणार नाही म्हणून पॅराशूटची उडी लिहिली होती. तो फलकाजवळच खाली बसला. मी पॅराशूटच्या घड्यांवर, म्हणजे फौजेच्या बोलीत छत्री विभागात.

मोठ्या साहेबांना म्हणे आनंद झालाय की जवानांमध्ये एवढी साहसी वृत्ती आहे. चष्मेवाल्या कॅप्टनसाहेबांना मात्र संशय आला असावा. त्यांनी दुपारी येऊन सांगितलं, तीन आठवडे मिळालेलं काम करून बघा, मग अर्ज पुन्हा येईल. हेच ठेवायचं की बदलायचं ते १९ एप्रिलपर्यंत लिहून द्या. म्हणजे तीन आठवडे काढायचे आणि मग मोटारवाहन शाळा. ठीक आहे.

२८ मार्च, गुरुवार

आज छत्री विभागात हजर झालो. हा तळ पलटणीपासून दिवसभराच्या प्रवासावर आहे.

काय लिहू. एवढी मोठी खोली मी पाहिलेली नाही. आत एका रांगेत बारा टेबलं, एकेक टेबल आमच्या बराकीएवढं लांब, वर गुळगुळीत, काचेसारखं पुसलेलं. चाळीस माणसं काम करत होती आणि आवाज फक्त कापडाचा. कोणी बोलत नाही. बोलायला बंदी नाही, कोणाला बोलावंसं वाटत नाही एवढंच. खोलीच्या टोकाला एक मनोरा आहे, आतून पोकळ, सात मजले उंच. वापरून आलेल्या छत्र्या तिथे वाळायला टांगतात. मी खाली उभं राहून वर मान केली. वरपासून खालपर्यंत पांढरं कापड लोंबत होतं आणि उंच खिडक्यांतला उजेड त्यातून झिरपत होता. माझी टोपी मागे पडली तेव्हा कळलं की मी किती वेळ बघत होतो.

इथल्या प्रमुख सार्जंट एक बाई आहेत, पन्नाशीच्या. सगळे त्यांना घडीबाई म्हणतात, तोंडावर नुसतं बाई. त्यांनी मला नियम सांगितले. प्रत्येक छत्रीच्या खिशात एक कार्ड असतं, घडी घालणारा त्यावर सही करतो. शिकाऊ असेल तर त्याच्या सहीखाली बाई स्वतः तपासून सही करतात. आणि दर महिन्याला बाई कपाटातून कुठलीही एक छत्री काढतात. ज्याची सही, त्याने ती पाठीवर बांधून विमानातून उडी मारायची.

मी विचारलं, शिकाऊ माणसाला पण? त्या म्हणाल्या, शिकाऊला आधी. म्हणून रोज सकाळी दोन तास उडीचं शिक्षणही आहे. घड्या घालायचं काम म्हणणारा आजोबा आत्ता समोर असता तर बरं झालं असतं.

१ एप्रिल, सोमवार

चौथरा ते वाळू, चौथरा ते वाळू. सकाळी तीस वेळा उड्या मारल्या, गुडघे बोलतात.

दुपारी टेबल. छत्रीला अठ्ठावीस पट्टे आणि तेवढ्याच दोऱ्या. एकही दोरी दुसरीवर चढता कामा नये. घडी करताना दोऱ्या जागेवर राहाव्यात म्हणून छोटे लोखंडी चिमटे लावतात, प्रत्येक टेबलाला बारा. टेबलाशेजारी फळी आहे, तिच्यावर बारा चिमट्यांच्या आकृत्या रंगवल्यात. काम संपलं की बाराही चिमटे फळीवर दिसले पाहिजेत. मोजणं हे माझं नऊ वर्षांचं काम. बाईंनी माझं मोजणं बघितलं आणि काही न बोलता पुढे गेल्या. शेजारच्याने सांगितलं की ही शाबासकी आहे.

तुम्ही हे पहिल्या पसंतीने निवडलंत का, असं तो विचारत होता. मी हो म्हटलं.

५ एप्रिल, शुक्रवार

आज पहिली छत्री पूर्ण माझ्या हातची झाली. बाईंनी ती दोनदा उलगडायला लावली, तिसऱ्यांदा कार्ड पुढे केलं. सही सावकाश केली, एकेक अक्षर बघून. ब्लँकेटांच्या पावत्यांवर मी हजारो सह्या केल्या असतील, एकाही सहीकडे नीट बघितलं नव्हतं.

फोनवर हिला हे सांगायला लागलो तर थांबताच येईना. दोऱ्या, पट्टे, मनोरा. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, पहिल्या वर्षी आम्हाला हॉस्पिटलच्या वॉर्डात पहिल्यांदा नेलं होतं, तेव्हा मलापण असंच झालं होतं. मी म्हटलं, असेल. तेवढ्यात फोनची रांग मागून ओरडायला लागली.

आठवणीसाठी लिहून ठेवतो: ड्रायव्हर झालो की घरी राहायला मिळेल. हे विसरायचं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी फळीवर अकरा चिमटे दिसले. पुन्हा मोजले. अकराच.

दिवसभरात माझ्या तीन छत्र्या झाल्या होत्या, तिन्ही कपाटात गेल्या होत्या. टेबलाखाली बघितलं, खिसे उलटे केले. बाई चौथ्या टेबलापर्यंत आल्या होत्या, माझं सातवं. भिंतीकडच्या बंद टेबलावर कोणी काम करत नाही, त्याच्या फळीवरचा एक चिमटा घेतला आणि माझ्या फळीवर लावला. बाईंनी बारा मोजले, पुढे गेल्या.

यात काही मोठं केलं असं नाही. पलटणीत तपासणीच्या दिवशी सगळे हेच करतात. एका बराकीत बादली कमी पडली की दुसरीतून आणायची, साहेब पुढे गेले की परत द्यायची. आमच्याकडे एक बादली अशी चार बराकींमध्ये मोजली गेली आहे. चिमटा उद्या कुठेतरी सापडेल.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी नऊ वाजता उडीची तुकडी छत्र्या न्यायला आली. रांगेत तिसरा भोपळा. पंधरा दिवसांत पाच किलो तरी उतरला असेल. त्याची आज पहिली उडी. तोंड पांढरं पडलेलं, पण मला बघून हसला. पाठीवरची छत्री थोपटून म्हणाला, "खिशातल्या कार्डावर तुझी सही बघितली आणि जीव भांड्यात पडला बघ. दुसऱ्या कोणाची असती तर मी इथूनच पळालो असतो."

तो ट्रकमध्ये चढला. स्वतःहून, कोणाचा हात न धरता. मी ते बघत उभा होतो.

ट्रक सुरू झाला तेव्हा मी बाईंकडे धावलो आणि सगळं सांगून टाकलं. चिमटा, बंद टेबल, सगळं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आधी हात वर करून ट्रक थांबवला. इंजिन बंद झालं. तुकडीने एकेक छत्री परत आणून ठेवली. भोपळ्याने ठेवली तेव्हा माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली.

कालच्या एकूण एकेचाळीस छत्र्या झाल्या होत्या. सगळ्या उलगडायच्या. आधी माझ्या तीन उलगडल्या. चिमटा नव्हता. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, त्याची आता लाज वाटते. दुपारी चार वाजता, एकोणतिसाव्या छत्रीत, दोऱ्यांच्या मधोमध सापडला. ती सहाव्या टेबलावरची होती. माझ्या टेबलावरून घरंगळून तिकडे गेला असणार. कार्डावर शेजारच्या माणसाची सही, त्याला पाच वर्षांत कधी बोल लागलेला नाही.

माझी बदली पक्की असं धरून मी बाईंसमोर उभा राहिलो. त्या चिमटा पुसत होत्या.

"चिमटा हरवतो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातूनही दोनदा हरवलाय. आकडा जुळवायचा नसतो, सांगायचा असतो."

मी विचारलं, छत्री उघडली असती का? त्या म्हणाल्या, कदाचित उघडली असती. मग त्यांनी विचारलं की पॅराशूट मी मनापासून निवडलं होतं, की मीही त्या उलट्या अर्जवाल्यांपैकी? खरं सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. अशी सहा माणसं आली होती म्हणे, पाच जणांनी पहिल्याच आठवड्यात परत पाठवा म्हटलं.

"मला तर हुकमाने पाठवलं इथे, बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. काम मिळालं ते चांगलंच मिळालं. पण कोणी विचारलं नाही, ते अजून टोचतं."

नंतर म्हणाल्या, उद्या सातला ये.

१३ एप्रिल, शनिवार

भोपळ्याने आज उडी मारली. माझ्याच हातच्या छत्रीने, नव्याने घडी घातलेल्या. मला वाटलं होतं तो दुसरी मागून घेईल. त्याने कार्ड वाचलं, परत खिशात घातलं आणि छत्री पाठीवर बांधली. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. आकाशात एकामागून एक सोळा छत्र्या उघडल्या, त्यातली त्याची कुठली ते मला कळलं नाही, म्हणून सोळाही खाली येईपर्यंत श्वास धरून होतो.

१८ एप्रिल, गुरुवार

बाईंनी कपाटातून छत्री काढली. कार्डावर माझी सही.

विमानाच्या दारात मला काही आठवलं नाही, ना देव ना घर. फक्त त्या घडीचा दिवस आठवला. मंगळवार, दुपारी, चौथ्या पट्ट्याला हाताने दोनदा दाब दिला होता. मग पाठीवर थाप पडली.

आवाज आधी सगळा बाहेर होता, मग एकदम कुठेच नव्हता. मी वर बघितलं. माझ्या हाताने दुमडलेलं एवढंसं गाठोडं आकाशभर पसरलं होतं आणि त्यातून ऊन गाळून येत होतं. मी पट्टे मोजले. अठ्ठावीस. पुन्हा मोजले. अठ्ठावीस. खाली तळ, मनोरा, रस्ता, सगळं इवलंसं आणि आपापल्या जागी. मी रडत होतो हे जमिनीवर आल्यावर कळलं. बाई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या, त्यांनी रुमाल दिला आणि कार्डावर तारीख टाकली.

इतक्या वर्षांत मला काय हवं होतं ते मलाच माहीत नव्हतं. कोणी सरळ विचारलं तेव्हाही मी उलटं उत्तर दिलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

चष्मेवाले कॅप्टनसाहेब इथवर स्वतः आले आहेत अर्ज घेऊन. तेच तीन रकाने. आज शेवटचा दिवस.

मला हेच काम हवंय. पण हे म्हणजे दोन वर्षं इथेच, आणि मोटारवाहन शाळा गेली. दुपारच्या जेवणाआधी हिला फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू?

ती म्हणाली, "मला कशाला विचारता? तुम्ही ठरवून सांगताच की. मी करते तसं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तोंड देता आलं असतं. चिमणीला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

मी जेवायला गेलो नाही. खोलीत येऊन ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. ६ मार्चचं पान वाचलं, त्यात मी तिला समंजस म्हटलंय. त्याच पानावर चार ओळी खाली लिहिलंय की नऊ वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. आमच्या लग्नालाही नऊच वर्षं झालीत. दोन्ही वाक्यं माझ्याच हातची आहेत आणि लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. ५ एप्रिललाही ती मनोऱ्याबद्दल ऐकून वॉर्डाचं सांगत होती. मी म्हटलं, असेल.

कॅप्टनसाहेबांकडे गेलो आणि दहा दिवस मागितले. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, घरी विचारायचं राहिलंय. ते अर्जाकडे बघत बसले. अशा कारणासाठी यात जागा नाही, म्हणाले. मग खिशातलं पेन काढून, पट्टी न घेता, त्यांनी तिसऱ्या रकान्याखाली चौथा रकाना आखला, जरा वाकडाच, आणि दहा दिवसांसाठी अर्ज मला परत दिला.

संध्याकाळी मी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. वर हिचं नाव लिहिलं आणि पोस्टात टाकला. सोबत एक ओळ: तुला काय हवंय?

३० एप्रिल, मंगळवार

काल मुदत संपत होती. पत्र कालच आलं, बाईंनीच टेबलावर आणून दिलं. टेबलावर काम चालू असताना पत्र उघडायचं नाही असा नियम आहे. बाराही चिमटे मोजून झाल्यावर उघडलं.

तिने पहिला रकाना भरला होता. नर्सिंगचं दुसरं आणि तिसरं वर्ष, इथेच, आईकडे राहून. आई चिमणीकडे बघेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यावर तिने आडवी रेघ मारली होती. अक्षर इतकं ठसठशीत की कागदाच्या मागून उमटलं होतं. खाली लिहिलं होतं:

"हे सरळ लिहिलंय, फौजेसारखं उलटं वाचू नका. दोन वर्षं तुम्ही तिथे आणि मी इथे, जड जाईल. तुम्ही कधी विचाराल म्हणून मी नऊ वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. आता तुमचा रकानाही सरळ भरा."

कोपऱ्यात चिमणीने एक छत्री काढली होती. दोऱ्या मोजल्या, एकोणीस. फोनवर सांगायला हवं.

नऊ वर्षं ती हे उत्तर घेऊन माझ्या घरात वावरत होती, जेवण वाढत होती, बॅग भरून देत होती, आणि मला पत्ताच नव्हता. मनोऱ्याखाली उभा होतो तेव्हाही मी इतका लहान झालो नव्हतो.

कॅप्टनसाहेब कालच अर्ज न्यायला परत आले होते, त्यांच्या टेबलावर उभ्यानेच भरला. पहिल्या रकान्यात लिहिलं, छत्री विभाग. दुसऱ्या-तिसऱ्यावर आडवी रेघ मारली. साहेबांनी विचारलं, चौथ्यात काय?

त्यात लिहिलं, घरी विचारलं. आणि खाली सही केली.